घंगाळाला कसला गोषा

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं लोक म्हणतात. रखमाबाईंच्या हातात कांकणंही नव्हती आणि नशिबात आरसाही नव्हता. दोन्ही एकाच दिवशी गेली. सावली गावी, सासरी, नवरा तापानं गेल्याचा निरोप आला, तेव्हा त्या असतील बारा वर्षांच्या. बडोद्याला माहेरी, बाजवाड्यातल्या घराच्या ओसरीवर गजगे खेळत होत्या. आईसाहेबांनी पोरीला आत नेलं, बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं आणि खुंटीवरचा आरसा काढून आपल्या पेटीत टाकला. मग तिचा हात आपल्या हातावर ठेवून घेतला आणि म्हणाल्या, "रखमा, शब्द दे. आजपासून आरशात बघायचं नाही." पोरीनं शब्द दिला. बारा वर्षांच्या पोरीला शब्द म्हणजे काय हे कळत असतं, तर जगातले निम्मे शब्द दिलेच गेले नसते!

पण रखमाबाई म्हणजे मुलखाच्या हट्टी. शब्द आरशाचा दिला होता ना? मग आरशात नाहीच बघितलं. घरातली बाकीची माणसं चोरूनमारून काय काय करतात ते त्यांना ठाऊक होतं, पण ह्यांना चोरी मंजूर नव्हती. "चोरून का बघू? मी काय कुणाचं सोनं लांबवलंय?" असा त्यांचा खाक्या. मात्र पाण्याबद्दल आईसाहेब काही बोलल्या नव्हत्या. परातीबद्दल बोलल्या नव्हत्या. समईतल्या तेलाबद्दल, कढवलेल्या तुपाबद्दल, धुतलेल्या फरशीबद्दल, चहाच्या बशीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. तिथं तिथं रखमाबाईंनी आपलं तोंड शोधलं. आरसा पेटीत घालता येतो हो, विहीर कुठल्या पेटीत घालणार?

आणि तोंड सापडायचं, पण धड कधी नाही. वाढायच्या डावात लांबुडकं, तांब्याच्या पोटावर चपटं, समईच्या दांड्यावर दोऱ्याएवढं. विहिरीत दिसायचं ते फार खोल आणि काळं. त्यातल्या त्यात बरं दिसायचं ते घंगाळात. हे तांब्याचं घंगाळ आईसाहेबांनी माहेराहून आणलेलं. त्यातच सगळ्या भावंडांच्या आंघोळी झालेल्या. पण त्यातही नीट बघावं म्हणून वाकलं की श्वासानं पाणी हलायचं आणि नाकाच्या जागी कपाळ जायचं. असं करता करता रखमाबाई पन्नाशीला आल्या. आपलं नाक कसं आहे, हनुवटी कशी आहे, हे त्यांना तुकड्यातुकड्यानं माहीत होतं. सगळं एका जागी, स्थिर, एकदा तरी बघायला मिळावं, एवढी एकच इच्छा त्या बाईची उरली होती. दागिना नको, तीर्थयात्रा नको, फक्त स्वतःचं तोंड. ही काय मोठी मागणी झाली?

घराचे कर्ते म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ पिलाजीराव. गायकवाडी पागेत त्यांच्या तीन पिढ्या गेल्या. आता लढाया उरल्या नव्हत्या, पण मिशांना पीळ तोच होता. बायको गेल्यावर घर चालवलं ते रखमाबाईंनी आणि एकुलत्या एका लेकीला, विजयमालेला, वाढवलं तेही त्यांनीच. पिलाजीराव त्यांना अक्कासाहेब म्हणत, मान देत, पण बोलताना त्यांची नजर असायची बहिणीच्या डोक्यावरच्या भिंतीवर किंवा तिच्या हातातल्या ताटावर. वाईट हेतूनं नाही. सवय पडली होती, एवढंच.

तर ह्या पिलाजीरावांनी एकदा हौसेनं फोटोचं यंत्र घेतलं. कशासाठी? तर घोड्यांचे फोटो काढायला! घोडी कुठली हलल्याशिवाय राहतात? पहिल्याच फोटोत लाडक्या घोड्याला दोन शेपट्या आणि तीन तोंडं आली. पागेत लोक हसले. पिलाजीरावांनी यंत्र माळ्यावर टाकलं आणि विजूनं ते दुसऱ्याच दिवशी खाली काढलं.

महाराजांनी मुलींना शाळा सक्तीची केली म्हणून विजू चार बुकं शिकली होती आणि तिचं डोकं तरतरीत होतं. यंत्रासोबत आलेलं माहितीपत्रक तिनं लावून लावून वाचलं. पिलाजीराव म्हणाले, "खेळ हवं तर. पण एक लक्षात ठेव. ह्या घरात गोषा आहे. फोटोच्या काचा धुवायला मांडवीच्या दुकानात जातात, तिथं चार परके पुरुष त्या बघतात. तेव्हा बाईमाणसाच्या तोंडावर यंत्र रोखायचं नाही. तुझ्या नाही, अक्कासाहेबांच्या नाही, भांडीवाल्या रेवाच्यासुद्धा नाही. रोखलंस तर काच फोडीन आणि यंत्र विहिरीत टाकीन. समजलं?"

"समजलं, आबासाहेब," विजू म्हणाली. "मग काढू कशाचे?"

"झाडं काढ, देवळाचे कळस काढ."

"घंगाळाचा काढू?"

पिलाजीराव खो खो हसले. "काढ की! घंगाळाला कसला आलाय गोषा?"

ओटीच्या आतल्या दारामागं तांदूळ निवडत बसलेल्या रखमाबाईंनी हे ऐकलं आणि सूप खाली ठेवलं.

आत्या-भाचीचं गूळपीठ जमलं ते तेव्हापासून. पडदे लावलेल्या बग्गीतून दोघी सूरसागर तळ्यावरून जायच्या तेव्हा विजू काठावरच्या घरांकडे बघायची, आणि रखमाबाई तिच्या मांडीवर चापट मारून म्हणायच्या, "वर काय बघतेस गं? वरचं सगळ्यांनाच दिसतं. खाली बघ. सज्जांच्या पोटाला नक्षी आहे, ती फक्त पाण्याला दिसते." विजूनं एकदा बग्गी थांबवून पडद्याच्या फटीतून यंत्राचं तोंड बाहेर काढून पाण्याचाच फोटो घेतला. आला तो असा, की घरं उलटी आणि कळस तळ्याच्या तळाशी. पिलाजीराव तो हातात उलटासुलटा फिरवत बसले आणि म्हणाले, "वेडी आहेस झालं." रखमाबाईंनी मात्र तो पदराखाली नेला आणि माजघरात उजेडाला धरून पुन्हा पुन्हा पाहिला. तळ्यातलं पाणी कधी थांबत नाही. ह्या कागदावर ते थांबलं होतं.

"विजू," त्या म्हणाल्या, "पाणी थांबतं तुझ्या यंत्रात."

"हो आत्यासाहेब. सगळंच थांबतं. फक्त आपण हलायचं नाही."

"मग घंगाळाचा फोटो कधी काढतेस?"

विजूनं त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. पोर घाबरली, खोटं कशाला सांगायचं! "आत्यासाहेब, माझ्या खोलीत आईचा आरसा आहे. तुम्ही या, दार लावून घेते, पोटभर बघा. कुणाला कळणार नाही."

"दार लावून?" रखमाबाई कडाडल्या. "दार लावून काय बघू? आणि आईच्या हातावर हात ठेवून शब्द दिलाय मी. तो मोडायचा नाही. तुझ्या बापानं तुला परवानगी दिलीय ना घंगाळाची? मग घंगाळावर रोख. त्यात कोण वाकून बघतंय, ते घंगाळ जाणे."

भाद्रपदातलं ऊन पडलं होतं, भर दुपार होती, पिलाजीराव पागेत. रेवानं चिंच आणि राख लावून घंगाळ असं घासलं होतं की डोळे दिपावेत. मागच्या चौकात मधोमध ते ठेवलं, काठोकाठ भरलं. विजूनं समोरच्या बाजूला तिकाटण्यावर यंत्र चढवलं आणि त्याचं तोंड खाली, पाण्याकडे वळवलं. काळं फडकं डोक्यावर घेऊन ती म्हणाली, "वाका आत्यासाहेब. अजून. हं, आता आलात."

रखमाबाई वाकल्या. पाणी निवांत होतं आणि त्यात एक बाई होती. चौकातल्या जास्वंदीची एक पाकळी वाऱ्यानं येऊन पाण्यात पडलेली, घंगाळाच्या कडेला लागून राहिलेली. रखमाबाईंची नजर तिच्यावर गेली. लालभडक, तुटून नखाएवढी उरलेली. मग त्यांनी ओठांचा चंबू केला आणि हळूच फुंकर घातली. पाकळी सरकली. पुन्हा फुंकर घातली. पाकळी तरंगत तरंगत आली आणि पाण्यातल्या बाईच्या कपाळावर, बरोब्बर मधोमध, थांबली.

"आत्यासाहेब!" फडक्याखालून विजूचा आवाज आला. "अहो, हे..."

"तुला घंगाळ काढायचंय ना? घंगाळात फूल आहे. काढ मुकाट्यानं."

पाणी पुन्हा निश्चल होईपर्यंत दोघींनी श्वास रोखला. विजूनं भिंगावरचं झाकण काढलं, मनात आकडे मोजले, झाकण लावलं. झालं. रखमाबाई सरळ झाल्या तेव्हा त्यांची कंबर धरली होती आणि चेहरा असा काही फुलला होता की रेवा भांडी टाकून बघत राहिली. "फईबा, आजे तो तमे बहु राजी लागो छो!" ती म्हणाली. "हो गं बाई, आज मी लई राजी आहे," रखमाबाई म्हणाल्या आणि आंघोळ केल्यासारखं घंगाळातलं पाणी दोन्ही हातांनी तोंडावर मारलं.

पण करायला गेले गणपती आणि झालं माकड. विजूचा बेत असा, की दुकानातून गडी पाकीट घेऊन येईल ते आपण दारातच गाठायचं. नेमका त्या दिवशी गडी मांडवीत पिलाजीरावांनाच भेटला. त्यांनी पाकीट घेतलं, ओटीवर झोपाळ्यावर बसून फोडलं, आणि आत माजघरात दोघींनी कान टवकारले. आता काच फुटणार, आता यंत्र विहिरीत जाणार. रखमाबाईंना यंत्राचं दुःख होतं, पण त्याहून मोठं दुःख हे, की आपण बघायच्या आधीच तो कागद फाटणार.

बाहेरून हाक आली, "अक्कासाहेब! अहो अक्कासाहेब! लवकर या!"

आवाज रागाचा नव्हता. दोघी दाराशी आल्या. पिलाजीराव उभे होते, हातात कागद उलटा धरलेला, म्हणजे पाण्यातलं तोंड सुलटं होईल असा, आणि त्यांच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहत होतं.

"आईसाहेब!" ते म्हणाले. "अक्कासाहेब, आईसाहेब आल्या! आपल्या घंगाळात आल्या!"

त्यांनी कागद पुढं धरला. रखमाबाईंनी पाहिलं आणि त्यांच्याही तोंडून निघून गेलं, "आई गं!" कारण होतीच ती आई. तेच रुंद कपाळ, तीच खालचा ओठ पुढं काढण्याची ढब, डोळ्यांखालच्या त्याच दोन सुरकुत्या. आईसाहेब गेल्या तेव्हा पन्नाशीच्याच होत्या, आणि अहेव गेल्या, भरल्या कपाळानं. ह्या बाईच्या कपाळावरही कुंकू होतं, काळं, गोल. त्या काळच्या काचांना लाल ते काळंच दिसायचं. खरं कुंकूही असंच उमटायचं, आणि जास्वंदीची पाकळीही.

पाकळी! रखमाबाई भानावर आल्या. त्यांनी विजूकडे पाहिलं. विजूनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता, हसू की रडू तिचं तिलाच कळत नव्हतं.

बरं, पिलाजीरावांना तरी किती नावं ठेवायची? आईसाहेबांचा एकही फोटो घरात नव्हता. घंगाळ आईसाहेबांचं. पितृपक्ष तोंडावर आलेला. आणि कपाळावर कुंकू असलेली बाई ह्या घरात दुसरी कोण होती? बहीण म्हणावं तर ती विधवा. माणसाला दिसतं ते डोळ्यांनी कमी आणि समजुतीनं जास्त. पिलाजीरावांनी बहिणीचं तोंड नीट पाहून किती वर्षं झाली होती, देव जाणे.

मग काय विचारता! मांडवीतून शिसवी चौकट आली, वर काच आली, माजघरात चौरंग मांडला, त्यावर तसबीर ठेवली. पिलाजीराव रोज सकाळी पागेत जाण्याआधी तिच्यापुढं डोकं टेकवू लागले. भाऊबंद बघायला येऊ लागले. चुलत घरातल्या कुसुमावतीकाकी, ज्यांनी आईसाहेबांना पाहिलेलं होतं, त्या तर म्हणाल्या, "हुबेहूब वहिनीसाहेब! आता बोलतील की काय असं वाटतं!" आणि हे सगळं होत असताना जिचं तोंड होतं ती बाई आत स्वयंपाकघरात पाहुण्यांसाठी चहा गाळत होती.

विजू कानात म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची, आत्यासाहेब. यंत्रही वाचलं, काचही वाचली. तुम्हाला रोज बघायला तर मिळतंय ना?"

मिळत होतं. पिलाजीराव पागेत गेले की रखमाबाई चौरंगासमोर बसायच्या आणि बघायच्या. नाक आपल्याला वाटलं होतं त्याहून सरळ होतं. हनुवटी बापाची होती. ही बाई देखणी आहे, असं त्यांना पहिल्या दिवशी वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या बाईचा राग आला. कारण बघता बघता त्यांना कळलं की हे काही मिळणं नव्हे. बारा वर्षांची असताना आईनं आरसा नेला होता. आता पन्नाशीत आई तोंडच घेऊन गेली. जिनं शब्द घेतला तिच्याच नावानं ह्या तोंडाला हळदकुंकू आणि हार, आणि ज्या धडावर ते तोंड आहे त्या धडानं मात्र चुलीशी राबायचं! रखमाबाई मनात घुमसत राहिल्या. बोलावं तर भाचीचं यंत्र जाणार. न बोलावं तर आपण जिवंतपणी मेलो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

अविधवा नवमी उजाडली. अहेव गेलेल्या बायांचा हा दिवस. आईसाहेबांच्या नावानं ह्या वर्षी थाट मोठा. माजघरात सवाष्णींची पंगत मांडलेली, कुसुमावतीकाकी मुख्य पाटावर, ओसरीवर भाऊबंद. पहाटेपासून रखमाबाई राबत होत्या. खीर त्यांची, वडे त्यांचे, पुरण त्यांनी वाटलेलं. त्या घरात विधवेचे हात चालत, तोंड चालत नसे.

पिलाजीरावांनी सोवळं नेसून तसबिरीला हार घातला. करंगळीशेजारच्या बोटानं कुंकू घेतलं आणि काचेवर, त्या काळ्या ठिपक्यावर, नीट टेकवलं. सगळ्यांनी हात जोडले. नैवेद्याचं ताट आणायचं राहिलं होतं, ते रखमाबाई घेऊन आल्या. चौरंगाजवळ वाकल्या, ताट ठेवलं, आणि काचेत त्यांना आपलं तोंड दिसलं. काचेखालीही आपलंच. एक कोरडं कपाळ आणि एक भरलेलं.

तेवढ्यात पिलाजीराव भिंतीकडे बघत हलक्या आवाजात म्हणाले, "अक्कासाहेब, तुम्ही आता जरा मागं व्हा. सवाष्णींची ओटी भरायचीय."

रखमाबाई हलल्या नाहीत.

"अक्कासाहेब, ऐकलंत ना? मागं व्हा."

"मागं कुठं होऊ?" रखमाबाई म्हणाल्या. त्या सरळ उभ्या राहिल्या आणि त्यांचा आवाज ओसरीपर्यंत गेला. "मी तर इथं चौरंगावर बसलेय. हार घातलाय तुम्ही मला."

पंगतीतल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. पिलाजीरावांना वाटलं बहिणीला उन्हाचं काही झालं असावं. "काय बोलताय? आईसाहेब आहेत त्या."

"आईसाहेब जाऊन पंचवीस वर्षं झाली, पिलाजी. मेलेली माणसं घंगाळात येत नाहीत. वाकून बघत होते ती मी. हे नाक माझं आहे, ही हनुवटी माझी आहे. नीट बघ."

अहो-जाहो कुठल्या कुठं गेलं. लहानपणी विहिरीवर भांडताना जी रखमा पिलाजीला दटावायची, तीच बोलत होती.

"आणि कुंकू?" पिलाजीरावांचा आवाज फाटला. "हे कपाळावरचं कुंकू?"

"जास्वंदीची पाकळी. फुंकर घालून मीच आणली कपाळावर."

कुसुमावतीकाकींनी "अगंबाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला. एका सवाष्णीनं दुसरीला कोपर मारलं. पिलाजीराव लालबुंद झाले. "विजू!" ते गरजले. "तुला बजावलं होतं! बाईच्या तोंडावर यंत्र रोखायचं नाही!"

विजू खांबाला टेकून उभी होती. ती तिथूनच बोलली. "नाही रोखलं, आबासाहेब. घंगाळावर रोखलं. तुम्हीच म्हणालात, घंगाळाला कसला आलाय गोषा."

ओसरीवर कुणीतरी फिस्सकन हसलं. झालं! पिलाजीरावांनी तसबीर उचलली आणि दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेली, फरशीवर आपटायला.

"अरे अरे, पूजलेली तसबीर फोडतोस?" कुसुमावतीकाकी ओरडल्या. "आत्ता कुंकू लावलंस ना तिला! आम्ही सगळ्यांनी हात जोडलेत!"

हात वरच राहिले. मोठी पंचाईत! फोडावी तर हळदकुंकू वाहिलेली मूर्त फोडल्याचं पाप, न फोडावी तर विधवेच्या कपाळावरचं कुंकू चौरंगावर मिरवणार. तीन पिढ्यांचा पागेतला मर्द माणूस, आपल्याच माजघरात, आपल्याच हातानं घातलेल्या हारासकट उभा राहिला आणि त्याला पुढं काय करावं हे सुचेना.

रखमाबाईंनी पुढं होऊन त्याच्या हातांतून तसबीर काढून घेतली. सहज, पोराच्या हातातून विळा काढून घ्यावा तशी. हार काढला आणि काकींच्या ओंजळीत दिला. "हा आईचा. तुळशीला घाला तिच्या नावानं." मग पदराच्या टोकानं काचेवरचं कुंकू पुसलं. बाहेरचं पुसलं गेलं. आतला ठिपका होता तिथंच होता. तो सगळ्यांनी पाहिला.

"एकदा बारा वर्षांची असताना पुसलं, ते मला विचारून नव्हतं पुसलं," त्या म्हणाल्या. "हे आज माझ्या हातानं पुसलं. आणि आतलं आता कुणाच्या बापाला पुसता येणार नाही."

तसबीर काखेत धरून त्या विजूकडे वळल्या. "यंत्र आण गं."

"घंगाळ भरू, आत्यासाहेब?"

"नको. पाणी नको, घंगाळ नको. ह्या खेपेला सरळ तोंडावर रोख."

"अक्कासाहेब!" पिलाजीरावांनी शेवटचा जोर लावला. "घराण्याची काही लाज? ती काच मांडवीला जाईल! परके लोक बघतील तुमचं तोंड!"

"त्यांनी कधीच बघितलंय," रखमाबाई म्हणाल्या. "काच त्यांनीच धुतली, कागदावर त्यांनीच उमटवलं. रेवानं बघितलंय, तुझ्या लेकीनं बघितलंय. चाळीस वर्षं एका घरात राहून बघितलं नाहीस तो तूच एकटा, पिलाजी. पितृपक्षात आई समजून पाया पडलास, तेव्हा कुठं बघितलंस."

मग, काय वाटलं असेल ते असो, पिलाजीरावांची नजर भिंतीवरून खाली आली. ते बहिणीच्या तोंडाकडे बघत राहिले. सवाष्णींच्या पानांतली खीर निवत होती.

विजूनं चौकात यंत्र उभं केलं. ऊन स्वच्छ होतं. रखमाबाईंनी माजघरातला रिकामा चौरंग स्वतः उचलून आणला, उन्हात मांडला आणि त्यावर बसल्या. पदर डोक्यावरून मागं केला. त्यांचे केस पिकले होते. ते त्यांनी पाण्यात कधी पाहिलेच नव्हते.

विजूनं जवळ येऊन हळूच विचारलं, "जास्वंदीची पाकळी आणू?"

"नको. नुसतं तोंड घे. नुसती मी कशी दिसते ते बघायचंय मला."

विजू फडक्याखाली गेली. भिंगात तिला आत्या उलटी दिसत होती आणि तिच्यामागं, माजघराच्या दारात, हातात तीर्थाची पळी घेतलेले तिचे वडील. ते आत गेले नव्हते.

"हलू नका हं, आत्यासाहेब," विजू म्हणाली.

"इतकी वर्षं हललेच नाही गं मी," रखमाबाई म्हणाल्या. "घे."

विजूनं झाकण काढलं.